बत्ती कोण सांभाळायचं?

आमच्या वाडीच्या नाट्यमंडळाला पंच्याहत्तर वर्षं होणार म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं, आणि जुन्या लोकांच्या मुलाखती घ्यायचं काम माझ्याकडे आलं. गाव देवगड तालुक्यातलं, वाघोटन खाडीच्या अलीकडचं. मी नोकरीला रत्नागिरीत. शनिवारी गावी जायचं, एकेकाला गाठायचं, मोबाइलवर बोलणं घ्यायचं, रविवारी रात्री परत यायचं. दोन महिन्यांत चार पानांचा लेख देतो, असं मी बैठकीत सांगून बसलो. त्या कामाला दीड वर्ष लागलं.

पहिली मुलाखत अर्थातच आमच्या राजाची. मंडळाच्या नाटकात वर्षानुवर्षं राजा करणारे हे काका मी जायच्या आधीच धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसले होते. मी विचारलं, "काका, त्या काळात नाटक कसं व्हायचं?" ते म्हणाले, "त्या काळातली गोष्टच वेगळी." पुढची चाळीस मिनिटं ते बोलले. लोक जीव ओतून काम करायचे, गावात एकी होती, आता तसं राहिलं नाही. सगळं मनापासून सांगितलेलं. घरी येऊन ऐकलं तेव्हा मात्र ध्यानात आलं की यातलं कुठलंही वाक्य उचलून दुसऱ्या गावाच्या स्मरणिकेत घातलं असतं तरी कोणाला काही वावगं वाटलं नसतं. दोष काकांचा नव्हता. प्रश्न माझाच पोकळ होता.

दुसरीही एक अडचण होती, आणि ती मला पुढे प्रत्येक घरात भेटली. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ आणि त्यातले मच्छिंद्र कांबळी आमच्याकडे लहानथोरांना पाठ आहेत. गावातलं नाटक उभं राहताना होणारी फजिती त्यात आहे आणि मालवणी बोलीला त्या नाटकाने मोठा मान मिळवून दिला. पण त्याचा एक परिणाम असा झालाय की नाटकाबद्दल विचारलं की म्हातारी माणसं आधी फजितीच सांगायला लागतात. मिशी कशी गळाली, कोण वाक्य विसरला, तलवार कशी मोडली. ऐकणाऱ्याला हसायचंच असणार, असं ते गृहीत धरतात. मला तर ऐकायचं होतं की दिवसभर कलमांत आणि शेतात राबून रात्री तालमीला उभं राहणाऱ्या माणसाला त्यातून काय मिळत होतं. तिथपर्यंत पोचायला फजितीचे किस्से संपू द्यावे लागायचे. मी ते थांबवले नाहीत. अर्धा-पाऊण तास गेला की आवाज खाली यायचा, आणि मग खरं बोलणं सुरू व्हायचं.

राजाच्या घरून निघताना पडवीच्या कोपऱ्यात एक म्हातारे गृहस्थ सुपारी कातरत बसले होते. शेजारचेच. मी चपला घालत होतो. ते म्हणाले, "माका नाय इचारूचा काय?"

"तुम्ही काय करायचात काका?"

"बत्ती."

मी उभ्या उभ्या ऐकत राहिलो. मोबाइल खिशात, बंद. त्यांनी जे सांगितलं ते पुढच्या शनिवारी पुन्हा सांगा म्हणून मी त्यांच्या घरी गेलो तर दोन-दोन शब्दांत उत्तरं. "व्हय, चार बत्त्ये व्हते." एवढंच. मी निराश होऊन निघणार तेवढ्यात त्यांच्या सुनेने माळ्यावरून गॅसबत्ती खाली काढून आणली. काच तडकलेली, पितळेची टाकी काळी पडलेली. त्यांनी ती मांडीवर घेतली, पंपाच्या दांड्यावर अंगठा ठेवला आणि हात आपोआप चालायला लागला. हात चालला तसं तोंडही चालायला लागलं.

स्पिरिट ओतून आधी नळी तापवायची. नळी तापल्याशिवाय पंप मारला की रॉकेल तसंच वर येतं आणि भडका होतो. नवीन मेंटल बांधला तर तो आधी जळू द्यायचा. जळल्यावर तो राखेची जाळी होतो, आकार तसाच, पण बोट लागलं की संपलं. म्हणून देवळामागून रंगमंचापर्यंत पेटती बत्ती नेताना पाऊल आपटायचं नाही. चार बत्त्या: दोन समोर, एक विंगेत, एक मागे रंगपटात. तासाभराने हवा उतरते, उजेड पिवळा पडायला लागतो. पंप मारायचा तर दोरी सोडून बत्ती खाली घ्यावी लागते, आणि तेवढा वेळ रंगमंचाची ती बाजू अंधारात. तेव्हा कुठल्या प्रवेशात कुठली बत्ती खाली घ्यायची, हे ठरलेलं पाहिजे.

"नाटक माका आख्खा पाठ व्हता," काका म्हणाले. "नटाक आपलाच भाषण पाठ. माका सगळ्यांचा." पद सुरू झालं की लोक डोळे मिटून ऐकतात, तेव्हा दोरी सोडायची. रडण्याच्या प्रवेशाला पिवळा उजेड चालतो, उलट बराच दिसतो, म्हणून त्याच्या आधी हवा भरायचीच नाही. लढाई मात्र पांढऱ्याफेक उजेडात झाली पाहिजे, तेव्हा लढाईच्या आधी दोन्ही बत्त्या फुल. रात्र करायची असली की बत्तीपुढे रॉकेलच्या डब्याचा पत्रा धरून उभं राहायचं, हात भाजेस्तोवर.

मंडळाची जुनी हस्तपत्रकं मी पाहिली आहेत. त्यांवर दिग्दर्शक आहे, पेटी-तबला आहे, वेशभूषा कोणाची ते आहे, देणगीदार आहेत. बत्तीवाल्याचं नाव एकावरही नाही.

त्या दिवसापासून मी ‘नाटक कसं व्हायचं’ हा प्रश्न सोडून दिला. बत्ती कोण सांभाळायचं, फळ्या कोणाकडून यायच्या, चहा कोण करायचं, लुगडी कोणाची, राजाचा मुकुट वर्षभर कोणाच्या घरात असायचा, असं विचारायला लागलो. आणि रिकाम्या हाताने जाणं बंद केलं. जुना फोटो, हस्तपत्रक, पडद्याचा फाटका तुकडा, काहीतरी बरोबर न्यायचं आणि समोरच्याच्या हातात द्यायचं. हातात काही आलं की माणूस आठवायला लागतो.

याच सुमारास माझ्या हातून एक नुकसान झालं, ते लिहायलाच हवं. आमच्या पेटीमास्तरांना मी मोठ्या मुश्किलीने गायला राजी केलं होतं. आवाज थरथरत होता, पण चाली पक्क्या. नऊ पदं गायले, प्रत्येक पद कुठल्या प्रवेशात यायचं तेही सांगितलं. मध्येच मला फोन आला, मी तो कापला आणि ऐकत राहिलो. फोन आला त्या क्षणी रेकॉर्डिंग थांबलं होतं, हे मला घरी पोचल्यावर कळलं. सात मिनिटं होती. पुन्हा जायचं म्हणत पाऊस सुरू झाला, लावणीचे दिवस आले, आणि श्रावणात मास्तर गेले. ती सात मिनिटं माझ्याकडे आहेत. उरलेल्या पदांच्या चाली मंडळात आता कोणालाच येत नाहीत.

त्यानंतर मी वेगळा रेकॉर्डर घेतला. तरी मोबाइलही लावून ठेवायचो, विमानाच्या खुणेवर टाकून. पंखा बंद करायला लावायचो, त्याची घरघर आवाजावर बसते. पावसाळ्यात पत्र्याच्या पडवीत बसायचं नाही, आत वळयत बसायचं. सुरुवातीला तारीख, गाव आणि कोण बोलतंय ते स्वतःच्या आवाजात सांगायचं. घरी आल्या आल्या दोन ठिकाणी प्रत काढायची, जेवणाच्या आधी. एक तासाचं बोलणं उतरवून काढायला मला पाच-सहा तास लागायचे, कारण मी मालवणीचं प्रमाण मराठी करायचं नाही असं ठरवलं होतं. ‘माका’चं ‘मला’ केलं की माणूसच बदलतो.

आता भूकंपाची रात्र.

कोयनेचा मोठा भूकंप 11 डिसेंबर 1967च्या पहाटे, चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास झाला. मार्गशीर्षाचा शुद्ध पक्ष. आमच्या देवळाची जत्रा त्याच दिवसांत असते आणि त्या रात्री मंडळाचं नाटक चालू होतं. रात्रभराची नाटकं ती, दहा-अकराला नांदी व्हायची आणि शेवटचा अंक संपायला उजाडायचं. म्हणजे भूकंपाच्या वेळी गावातली बहुतेक माणसं जागी, आणि एकाच ठिकाणी, एकाच दिशेला तोंड करून बसलेली. तारखेच्या हिशेबात आमच्या मंडळाचा हा एवढाच खुंटा घट्ट आहे. बाकी सगळं "गिरणी संपाच्या आधी", "बोट बंद झाली त्याच्या अगोदर", "माझ्या थोरल्याच्या बारशाच्या वर्षी" असं.

त्या रात्रीबद्दल मी अकरा जणांना विचारलं. बत्तीवाले काका म्हणाले, समोरची बत्ती हलायला लागली, त्यांना वाटलं बांबूची गाठ सुटली, त्यांनी दोन्ही हातांनी दोरी आवळून धरली आणि वर बघत राहिले, मेंटल गळतो की काय म्हणून. राजा म्हणाले, ते सिंहासनावर होते, फळी सरकली असं वाटून त्यांनी पाय रोवले आणि वाक्य पुरं केलं. आणि तिसरे एक गृहस्थ, हल्ली मुंबईहून गावी येऊन राहिलेले, त्यांनी जे सांगितलं ते सगळ्यांत सुंदर होतं. मागचा राजवाड्याचा पडदा खालून वर हलत गेला, खाडीला भरती येताना पाणी हलतं तसा, आणि पडद्यावरचे खांब एकेक करून वाकले. ते विंगेत उभे होते.

मंडळाची जमाखर्चाची वही मला उशिरा मिळाली. त्या वर्षीच्या जमेच्या बाजूला मुंबईहून मनीऑर्डरने वर्गणी पाठवणाऱ्यांची यादी आहे. त्यात या गृहस्थांचं नाव. ते तेव्हा गिरणीत होते, लालबागला गावकऱ्यांच्या खोलीत राहायचे. त्या जत्रेला ते आलेच नव्हते.

मी बराच विचार केला. त्यांना खोटं पाडायला मी गेलो नव्हतो, आणि वही झाकून ठेवणंही बरोबर वाटेना. पुन्हा गेलो, वही त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी आपलं नाव बोटाने वाचलं. नंतर बराच वेळ गप्प. मग म्हणाले, त्या पहाटे लालबागची खोलीही हलली. भांडी पडली, सगळे खाली रस्त्यावर आले. आणि रस्त्यावर उभं असताना सगळ्यांच्या मनात एकच, आज गावात नाटक. पुढे धाकट्या भावाचं पत्र आलं. खोलीत एकाने ते मोठ्याने वाचलं, मग पुन्हा वाचायला लावलं. पडदा कसा हलला ते त्या पत्रात होतं. "भूकंप माका थंय गावलो," ते म्हणाले, "आणि नाटक पत्रातसून."

कोयनेचा भूकंप मुंबईतही जाणवला होता, ते खरंच आहे. मी त्यांची पहिली मुलाखत तशीच ठेवली आणि दुसरी तिच्याखाली छापली. स्मरणिकेतलं मला सर्वांत आवडतं पान तेच आहे. गावापासून दूर असलेल्या माणसासाठी ते नाटक काय होतं, हे त्या पानाइतकं मला दुसरीकडे कुठे सापडलं नाही.

मुंबईकरांचं प्रकरण मोठं आहे, इथे थोडक्यात सांगतो. चाकरमानी चाळीत तालीम करायचे आणि भाऊच्या धक्क्यावरून बोटीने यायचे. बोट बंदराबाहेर उभी राहायची, मग माणसं आणि पडद्यांच्या ट्रंका पडावातून किनाऱ्याला लागायच्या. ड्रेपरी, म्हणजे पडदे आणि पोशाख, भाड्याने आणायची ती मुंबईहूनच. 18 जानेवारी 1982ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेक पुन्हा आत गेलेच नाहीत. वहीत पुढच्या वर्षी मुंबईच्या वर्गणीचं पान आहे, वर शीर्षक लिहिलेलं आहे, खाली ओळी कोऱ्या. त्या वर्षीही नाटक झालं. पडदे आले नाहीत म्हणून घराघरांतून चादरी आणि जाजमं आणली. लुगडी मात्र कमी पडली नाहीत.

लुगड्यांचं सांगायला पाहिजे. आमच्याकडे पूर्वी बायकांची कामं पुरुषच करायचे. त्यांतले एकच हयात आहेत. पहिल्या तीन भेटींत त्यांनी मला चहा दिला, आंब्याच्या मोहोराबद्दल बोलले आणि नाटकाचा विषय निघाला की उठून आत गेले. घरात नातवंडं, सुना. चौथ्या खेपेला ते स्वतःच म्हणाले, चल, कातळावर जाऊन बसू. तिथे खाडी समोर ठेवून ते दोन तास बोलले.

नऊवारी नेसायला त्यांना आईने शिकवलं. चालणं शिकवलं ते मात्र विहिरीवरच्या बायकांनी, त्यांना न कळत. हे लपून बसून बघायचे, भरलेली कळशी कमरेवर असताना कुठला पाय आधी पडतो ते. सफेदा खोबरेलात कालवून मानेपर्यंत लावायचा, हाताला कोपरापर्यंत. उतरवताना कातडी सोलून निघायची. बालगंधर्व गेले ते 1967च्या जुलैत. ती बातमी त्यांनी देवगडला एस.टी.च्या स्टँडवर वाचली, आणि गावी येताना एस.टी.त ते रडले हे त्यांनी मला सांगितलं. त्याच डिसेंबरात, भूकंपाच्या त्या नाटकात, त्यांनी शेवटचं लुगडं नेसलं. लग्न ठरलं होतं आणि मुलीकडच्यांनी अट घातली होती.

याखेरीज त्यांनी आणखीही काही सांगितलं. आठ दिवसांनी मी उतरवलेला मजकूर घेऊन गेलो तेव्हा त्यांनी त्यातली दीड पानं काढायला सांगितली. मी काढली. रेकॉर्डिंगमधूनही तो भाग कापून त्यांच्यासमोर पुसला. मंडळातल्या एक-दोघांना हे पटलं नाही. खरा इतिहास तोच होता, असं त्यांचं म्हणणं. असेल. पण ज्याचं आयुष्य त्याचा त्यावर पहिला हक्क, आणि मला त्यांनी विश्वासाने कातळावर नेलं होतं. तेव्हापासून मी प्रत्येकाला आधीच सांगायला लागलो, लिहून झालं की तुम्हाला वाचून दाखवीन, नको ते काढीन, मग सही घेईन. एवढं सांगितलं की माणसं जास्त मोकळी बोलतात, हाही माझा अनुभव.

आता ती लुगडी. वहीत ‘लुगडी नग 6’ असं आहे आणि पुढे सहा घरांची नावं, सगळी पुरुषांची. मी त्यांतल्या एका घरी गेलो. काकी नव्वदीच्या आसपास, नजर अधू. मुलगाच बोलत होता, आईला काय माहीत असणार या सुरात. मी म्हटलं, काकी, नाटकाला लुगडं तुम्ही दिलं होतं ना? त्या एकदम ताठ बसल्या.

"दिलंय तर! लुगडा माजा, मगे नाटक कोणाचा?"

त्यांनी सांगितलेली रात्र इतर कोणीच सांगितली नव्हती. बायका देवळाच्या उजव्या अंगाला बसायच्या आणि पडदा उघडला की आधी लुगडं ओळखायच्या. ती बघ, माझी हिरवी. राणी शोक करायला जमिनीवर पडली की इकडे एकीचा जीव वरखाली, पदर फळीच्या खिळ्यात अडकेल म्हणून. त्या काकींना नाटकाचं नाव आठवत नव्हतं, राजाचं नाव आठवत नव्हतं. तिसऱ्या अंकात आपला पदर कुठे पडला, ते आठवत होतं. नाटक झालं की लुगडी परत यायची, गळ्याशी सफेदा लागलेली. तो खोबरेलाचा डाग काढायला रिठ्याचं पाणी. सुनेने ट्रंकेतून ते लुगडं काढून दाखवलं. हिरवं आता करडं झालंय. काठाला हात लावून काकी चाचपत गेल्या आणि एका जागी थांबल्या. तिथे तळहाताएवढा फिकट डाग होता. तो त्यांनी मुद्दाम ठेवला होता, की गेला नव्हता, हे मी विचारलं नाही.

पुढे कंत्राटावर बाहेरून नटी आणायला लागले आणि लुगडी देणं थांबलं. गावातल्या मुली रंगमंचावर आल्या त्या त्याच्याही बऱ्याच नंतर, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या वाटेने. आज आमच्या मंडळात पाच मुली आहेत. त्यांतल्या दोघींनी काकींची मुलाखत ऐकली आणि त्याच रविवारी त्यांना भेटून आल्या.

एक गोष्ट मला कोणीही आपणहून सांगितली नाही. मंडप दरवर्षी एका ठराविक वाडीतली माणसं घालायची. खांब पुरणं, नारळाची चुडतं शिवणं, फळ्या ठोकणं, सगळं त्यांचं. हस्तपत्रकांवर मी पंचवीस वर्षांची पात्रयादी बघत गेलो, त्या वाडीतलं एकही नाव नाही. मी त्या वाडीत गेलो. तिथल्या आजोबांनी मला आधी विचारलं, "ह्या छापतलास?" मी हो म्हटलं. मग म्हणाले, "आमी खांब पुरूक होतंव. नाटक बघूक मातर खांबाच्या भायर." त्यांना सगळी पदं येतात. खांबाच्या बाहेर उभं राहून ऐकलेली. पेटीमास्तरांची जी सात मिनिटं माझ्याकडे आहेत, त्यातल्या पहिल्या पदाची दुसरी ओळ आम्हाला नीट ऐकू येत नव्हती, ती या आजोबांनी म्हणून दाखवली.

छापायचं की नाही यावर मंडळाच्या दोन बैठका झाल्या. उत्सवाच्या स्मरणिकेत हे कशाला, असं काहींना वाटलं. मी म्हटलं, हे वगळायचं तर माझं नाव खाली घालू नका. छापलं. स्मरणिका आली तेव्हा मी पहिली प्रत त्यांना नेऊन दिली. त्यांनी आपलं पान काढलं, वाचलं नाही, फोटो बघितला आणि पुस्तक देवापाशी ठेवलं.

रात्रभराचं नाटक आता होत नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहानंतर कर्णे बंद झाले, सणाला बारापर्यंतची सवलत मिळते तेवढीच. दोन अंकी नाटक, विजेचे दिवे, बारा वाजता भरतवाक्य. मला त्याचं वाईट वाटत नाही, नवी पोरं चांगलं करतात. फक्त पहाटे चार वाजता अख्खं गाव एकत्र जागं आहे, असा प्रसंग आता जत्रेत दशावतारी कंपनी आली आणि खेळ लांबला तर तेवढा.

शेवटची मुलाखत प्रॉम्प्टरची. ते टाळत होते. "मी कधी लोकांका दिसलंयच नाय, माझा काय घेतलंस," म्हणायचे. त्यांच्याकडे मी नक्कल घेऊन गेलो. नक्कल म्हणजे एका पात्राचं भाषण तेवढं उतरवलेली लहान वही. आधीच्या पात्राचे शेवटचे दोन-तीन शब्द, मग आपलं भाषण, मग पुन्हा दुसऱ्याचे दोन शब्द. छापील पुस्तक एकच असायचं, ते प्रॉम्प्टरच्या हातात. बाकी सगळ्यांना नकला, आणि त्या सगळ्या यांच्याच अक्षरात. बोरूसारखं ठसठशीत अक्षर, कारण विंगेत उजेड कमी. प्रत्येक नकलेच्या कडेला बारीक टिंबं होती. ती कशाची, हे मला कळत नव्हतं. ते म्हणाले, कोणाला कुठे अडखळायला होतं ते तालमीत बघून ठेवायचं. टिंब आलं की नटाने तोंड उघडायच्या आधी शब्द पोचला पाहिजे. अडकल्यावर दिलेला शब्द प्रेक्षकाला कळतो, अडकण्याआधी दिलेला कोणालाच कळत नाही.

महिन्याभराने मी त्यांचं रेकॉर्डिंग त्यांनाच ऐकवायला गेलो. सही घ्यायची होती. ते पडवीत भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होते. एका ठिकाणी मुलाखतीत ते थांबले होते. मंडळाच्या पहिल्या दिग्दर्शकांबद्दल सांगत होते, आणि एक शब्द त्यांना सापडत नव्हता. रेकॉर्डिंगमध्ये ती शांतता बरीच मोठी आहे, मागे कोंबड्याचा आवाज येतो. ती शांतता यायच्या जरा आधीच, डोळे न उघडता, ओठ जेमतेम हलवत त्यांनी शब्द दिला.

"ताल."

मग कोंबडा आरवला, आणि यंत्रातला त्यांचा आवाज पुढे बोलायला लागला.